समुद्राचा जमाखर्च

अर्थसंकल्पात भांडवली खर्चाला जो मान मिळतो, तो देखभालीच्या खर्चाला मिळत नाही. नव्या पुलाची कोनशिला समारंभाने बसते. जुन्या यंत्राची निगा राखल्याची बातमी होत नाही. परंतु काही संपत्ती केवळ देखभालीतूनच निर्माण होते. मुंबईच्या अपोलो बंदरावरील १८७८ पासूनच्या समुद्रपातळीच्या नोंदी ही अशीच संपत्ती होय.

जुन्या भरतीमापक यंत्राची रचना साधी असे. समुद्राशी लहानशा छिद्राने जोडलेल्या विहिरीत एक तरंगता डबा सोडलेला असे. लाटांची खळबळ तेथवर पोचत नसे. भरती-ओहोटी मात्र पोचे. डब्याला जोडलेली लेखणी घड्याळाच्या गतीने फिरणाऱ्या कागदावर तिची रेघ ओढी. मुंबईत उधाणाच्या दिवशी हा चढउतार चार मीटरांहून अधिक असतो. त्यातून शोधायची असते ती वर्षाकाठी काही मिलिमीटरांची वाढ! शिवाय चंद्राच्या कक्षेचे एक आवर्तन १८.६ वर्षांचे. तेव्हा पाच-दहा वर्षांच्या नोंदींवरून निष्कर्ष काढणे म्हणजे दिवाळीच्या विक्रीवरून दुकानाचा वर्षाचा नफा ठरविण्यासारखे आहे.

आता उपग्रह असताना ही यंत्रे कशाला, असे कोणी विचारील. १९९३ पासूनच्या उपग्रहीय मोजमापांनुसार जगाच्या समुद्रपातळीची सरासरी वाढ वर्षाला तीन मिलिमीटरांहून अधिक आहे. हे ज्ञान मोलाचे खरे. परंतु किनाऱ्यालगत उपग्रहाची नजर अधू होते. खाजणातल्या शेतकऱ्याला जगाची सरासरी नको, आपल्या बांधाशी पाणी किती चढले ते हवे. समुद्र चढो की जमीन खचो, त्याचे नुकसान सारखेच. आणि या दोहोंची बेरीज भरतीमापकच दाखवितो. उपग्रहाचे मोजमाप ताडून पाहावयाचे तेही याच यंत्रांशी.

२००४ च्या त्सुनामीनंतर किनाऱ्यावर नवी यंत्रे बसली आणि २००७ मध्ये हैदराबादेत इशारा केंद्र सुरू झाले, हे स्वागतार्हच. परंतु इशाऱ्याला मिनिटांचा हिशेब पुरतो. समुद्रपातळीला शतकाचा लागतो. त्यासाठी यंत्राचे शून्य जमिनीवरील पक्क्या खुणेशी पुनःपुन्हा ताडून पाहावे लागते. धक्क्याची दुरुस्ती करताना यंत्र हलविले आणि नवे शून्य जुन्याशी जोडले नाही, तर शंभर वर्षांची वही तेथेच फाटते.

पैसा कर्जाऊ मिळतो. न मोजलेले वर्ष मिळत नाही. म्हणून या यंत्रांच्या देखभालीसाठी स्वतंत्र, कायम तरतूद हवी आणि त्यांच्या नोंदी महाविद्यालयांना विनासायास मिळावयास हव्यात. किनाऱ्यावर कोट्यवधींची बांधकामे करणाऱ्या राज्याला एवढा खर्च जड जाऊ नये.