बावचीचे तेल आणि बाकुचिऑल

पेण व रोहे येथील औषधालयांत अलीकडे चेहऱ्यास लावण्यासाठी बावचीचे तेल मागितले जाते. मागणारे श्वित्राचे रुग्ण नसतात. प्रसाधनांच्या जाहिरातींतून ‘बाकुचिऑल’ हे नाव त्यांच्या कानी आलेले असते. ती बाटली महाग पडते, आणि हे द्रव्य आपल्या बावचीतूनच निघते हे कळताच ते आपल्याकडे वळतात. अशा ग्राहकास बावचीचे तेल देणे आमच्या मते अविचाराचे आहे, आणि त्याची कारणे रसायनशास्त्राने फार पूर्वीच देऊन ठेवली आहेत.

ते संशोधन परक्या भूमीत झालेले नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. सुखदेव यांनी आपल्या औषधी द्रव्यांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यात देवदाराचे तेल होते, गुग्गुळ होता आणि बावचीही होती. गोवर्धन मेहता व उ. रा. नायक या सहकाऱ्यांसह त्यांनी १९६६ साली बावचीच्या बियांतील एका तेलकट द्रव्याची रचना प्रसिद्ध केली. त्याचे नाव बाकुचिऑल. हे ‘ॲरोमॅटिक’ द्रव्य आहे. (या शब्दाने पुष्कळांची फसगत होते. रसायनशास्त्रज्ञ तो बेंझिनसारख्या कड्यासाठी वापरतो. सुगंधाशी त्याचा संबंध असेलच असे नाही.)

मात्र त्याच बियांत दुसरेही ॲरोमॅटिक द्रव्य आहे, ते म्हणजे सोरॅलेन. त्याचा शोध बाकुचिऑलच्याही आधीचा, आणि त्याचे नावच बावचीच्या शास्त्रीय नावावरून पडले. दोहोंचे स्वभाव भिन्न आहेत. सोरॅलेन त्वचेत असताना सूर्याचे अतिनील किरण पडले, तर ते पेशींतील जनुकद्रव्याशी जखडून बसते; त्वचा लाल होते, फोड येतात, पुढे काळे डाग पडतात. श्वित्रात औषधानंतर आतपसेवन सांगणाऱ्या आपल्या आचार्यांनी हाच गुण उपयोगात आणला. पाश्चात्त्य वैद्यकात १९७४ पासून सोरिॲसिसवर रूढ झालेली किरणचिकित्सा याच कुळातील द्रव्यावर उभी आहे. बाकुचिऑलला मात्र हा प्रकाशगुण नाही. २०१८ साली ब्रिटिश त्वचारोग नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४४ जणांनी बारा आठवडे एकतर अर्धा टक्का बाकुचिऑलचे किंवा तितक्याच रेटिनॉलचे मलम लावले. सुरकुत्या व डाग दोहोंनी सारखेच उणे केले; कोंडा सुटणे व झोंबणे रेटिनॉलच्या बाजूस अधिक होते. ही परीक्षा शुद्ध द्रव्याची होती, बावचीच्या तेलाची नव्हे. जाहिरात वाचणाऱ्यास हा भेद कोण सांगणार?

काही वैद्यबंधू म्हणतील की आयुर्वेद द्रव्याचे तुकडे करीत नाही, संपूर्ण द्रव्यच देतो. ते आम्हांस मान्य आहे. पण संपूर्ण बावची ही श्वित्रकुष्ठाचे औषध आहे, निरोगी गालांचे उटणे नव्हे. मिठागरावर किंवा लावणीच्या शेतात दिवसभर उभी असणारी स्त्री हे तेल रात्री लावून सकाळी कामावर गेली, तर तिच्या चेहऱ्याचे काय होईल, हे वर सांगितलेच आहे.

शोधनाविषयीही थोडे लिहितो. गोमूत्रात अथवा आल्याच्या रसात सात दिवस भिजविलेल्या बावचीला आपण शुद्ध म्हणतो, परंतु त्या क्रियेने सोरॅलेन किती उतरले याचे मोजमाप किती औषधालयांत ठेवले जाते? ही परीक्षा अवघड नाही. पातळ थराच्या पट्टीवर अर्काचा थेंब घेऊन योग्य द्रावकात चढविला आणि ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली पाहिला, की सोरॅलेन निळसर चकाकते. शोधनापूर्वीचा व नंतरचा नमुना शेजारी ठेवावा. रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत रासायनिक कारखान्यांनी भरलेली आहे. पट्टी वाचणारे हात तेथे सापडावेत.

औषधालयचालकांनी एवढे तरी आजपासून करावे. बावचीचे तेल वैद्याच्या चिठ्ठीविना देऊ नये, आणि दिले तर बाटलीवर ठळक मराठीत लिहावे : ‘हे बाकुचिऑल नव्हे. हे लावल्यावर उन्हात जाण्यापूर्वी वैद्यास विचारावे.’ प्रसाधन म्हणून मागणाऱ्यास स्पष्ट नकार द्यावा. पन्नास रुपयांची विक्री बुडेल, तर बुडू द्यावी.