जामीनदाराची पत

परिचयातील एका निवृत्त शिक्षकांनी आयुष्यात कोणाचा एक पैसाही बुडविलेला नाही. घराच्या दुरुस्तीसाठी ते कर्ज मागावयास गेले, तेव्हा बँकेने नकार दिला. त्यांच्या पत-अहवालात थकीत कर्जाची नोंद होती. ते कर्ज त्यांचे नव्हतेच. शेजारच्या तरुणाला टेम्पो घेता यावा म्हणून आठ वर्षांपूर्वी ते जामीन राहिले होते. तरुणाने उशिरा का होईना, सर्व हप्ते फेडले. मात्र खाते बंद झाल्याचे कर्ज देणाऱ्या बँकेने कळविलेच नाही.

'सिबिल' हा शब्द आता घरोघरी पोहोचला आहे. ३०० ते ९०० मधील आपला आकडा अनेकांना तोंडपाठ असतो; त्यामागचा अहवाल वाचणारे मात्र विरळा. जामीन राहणे हा आपल्याकडे शेजारधर्म मानला जातो आणि सामाजिक कामात असलेल्यांच्या दारी तर ही विनंती हटकून येते. तो धर्म सोडावा, असे आम्ही म्हणणार नाही. तथापि, ते कर्ज जामीनदाराच्या अहवालातही उमटते, हे स्वाक्षरीपूर्वी ठाऊक हवे. तडजोड करून मिटविलेल्या कर्जापुढे पडणारा 'सेटल्ड' हा शेराही निर्दोषत्वाचा दाखला नव्हे. पुढचा सावकार तो अपुरी परतफेड म्हणूनच वाचतो.

२००० साली स्थापन झालेल्या सिबिलची बहुतांश मालकी आज अमेरिकेतील ट्रान्सयुनियनकडे आहे. भारतीय कुटुंबांच्या सचोटीची वही परकीयांच्या हाती असावी, हे आम्हांस खटकते. परंतु ती वही उघडून पाहण्याचा अधिकार २००५ च्या कायद्याने आपल्याला दिला असताना तो न वापरणे अधिक खटकणारे आहे. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासूनचा दंडक आहे. स्वतःचा अहवाल पाहिल्याने गुण घटतात, ही निव्वळ अफवा होय. चुकीच्या नोंदीविषयीची तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याची तरतूदही २०२४ पासून लागू आहे.

गुरुजींनी रीतसर तक्रार नोंदविली. कर्जफेडीचा दाखला तोच टेम्पोवाला बँकेत खेटे घालून घेऊन आला. तीन आठवड्यांत नोंद दुरुस्त झाली. आता त्याला दुसरी गाडी घ्यावयाची आहे, आणि जामीनपत्र पुन्हा गुरुजींच्या टेबलावर आहे.