ताई, माझ्या फोनवर चालेल का?

मॅगझिनच्या मराठी विभागात गेम्सवर लेख! सरांच्या कपाळावरच्या आठ्या मला इथूनच दिसताहेत. त्यात मी कॉन्व्हेंटवाली, 'एकोणसत्तर' म्हटलं की अजूनही मनात आधी इंग्रजी आकडा शोधते. पण या गप्पा आम्ही मराठीतच मारतो, म्हणून लिहितेही मराठीतच.

तर रविवारी रात्री मेसला सुट्टी असते. तेव्हा आम्ही चौघी मॅगी घेऊन गर्ल्स हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये बसतो. आठवड्यात कोणी काय खेळलं, कुठे अडकलो, कुठला गेम अगदीच फालतू निघाला, यावर चर्चा. ज्युनिअर्स ऐकायला येतात. दारात बिस्किटांचा रिकामा डबा ठेवलाय, त्यात प्रश्नांच्या चिठ्ठ्या टाकायच्या. आता हे बंद करावं असा विचार 'वर' चालू आहे म्हणे. कारण, वेळेचा अपव्यय. माझं एवढंच म्हणणं आहे की बंद करण्याआधी त्या चिठ्ठ्या एकदा वाचा.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न 'कोणता गेम भारी' हा नाहीच. तो असतो, "ताई, माझ्या फोनवर चालेल का?" मोठमोठ्या रिव्ह्यूंमध्ये ग्राफिक्सवर पानंच्या पानं असतात, पण दादाने तीन वर्षं वापरून दिलेला फोन त्यांच्या गावीही नसतो. मी अंजनगाव सुर्जीची. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, आणि लाईन गेली की पंखाही नाही. अशा दुपारी बीजीएमआय लावला की दहा मिनिटांत फोनचा तवा! सेकंदाला ६० फ्रेम्स हव्या असतील तर एका फ्रेमला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, फ्रेम वेळेत तयार होत नाही, आणि ऐन मोक्याला आपण ठार. पोरी म्हणतात नेट खराब. नेट नाही व, ऊन! कव्हर काढा, चार्जिंगला लावून खेळू नका, ग्राफिक्स कमी करा. थर्मल थ्रॉटलिंग त्या रात्री जेवढ्या जणींना कळलं, तेवढ्या जणी आमच्या लेक्चरला जाग्याही नसतात. (सर, माफ करा.)

दुसरी चिठ्ठी अशी : "आपल्या इकडलं गाव कोण्या गेममंदी हाय काय व?" याला म्हणतात प्रश्न! 'एम्पायर : टोटल वॉर' हा २००९ चा गेम. त्यात मराठे घेऊन खेळता येतं, अख्खा हिंदुस्थान जिंकता येतो. पण अठरावं शतक संपलं की गेमही संपतो. आमच्या भागाची पाळी येते त्याच्यानंतर. २९ नोव्हेंबर १८०३ ला अडगावची लढाई, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, आणि ३० तारखेला दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात सुर्जी अंजनगावचा तह. म्हणजे हरायची वेळ यायच्या आतच गेम थांबतो. सोयीचं आहे! रूममेट म्हणाली, हरणाऱ्या बाजूने गाविलगड लढवायचा गेम विकत कोण घेईल? मी घेईन. आणि आपल्याकडे असे गेम होत नाहीत हेही खोटं, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' काढून दाखवलाय. मग गडाचा तट कॉम्प्युटरवर कोणी उभा करायचा यावर अर्धा तास भांडण झालं. त्यात सिव्हिलच्या मुलींना प्रथमच भाव आला.

तिसरी चिठ्ठी हसण्यासारखी नव्हती. नाव नव्हतं. "पैसे लावायच्या ॲपमध्ये हरले. मेसचे पैसे होते. परत जिंकायला कोणता गेम सोपा?"

खोली शांत झाली. मग आमच्यातल्या एकीने फळ्यावर गणित मांडलं. समजा दहा जणींनी शंभर-शंभर लावले, १००० झाले. ॲपवाला प्रत्येक डावाला १० टक्के कापतो. आलेले सगळे पैसे पुन्हा लावले तर ९००, मग ८१०, मग ७२९. दहा डावांनंतर दहा जणींत मिळून उरले ३४९. कोणीतरी जिंकतच असते, तरी खोलीतले पैसे मात्र संपत जातात. असल्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला, पण लिंका फिरायच्या थांबत नाहीत. आम्ही मोठ्याने सांगितलं की परत मिळवायला खेळू नकोस, फसवून पैसे काढले असतील तर १९३० ला फोन लाव, आणि या महिन्याच्या मेसचं आपण बघू. ती खोलीत होती की नाही, माहीत नाही.

आता मला सांगा, ही चिठ्ठी नोटीस बोर्डावर आली असती? काउन्सेलिंगच्या फॉर्मवर आली असती, ज्यात पहिलाच रकाना रोल नंबरचा असतो? ती गेम्सच्या डब्यात आली, कारण तिथे कोणी ओरडत नाही. कॉमन रूम बंद झाली तर गेम्स बंद होणार नाहीत, ते पांघरुणात जातील, रात्री दोन वाजता. म्हणून रेक्टर मॅडमना विनंती एवढीच, की रविवारी साडेदहापर्यंत खोली उघडी राहू द्या. वाटलं तर तुम्हीही या, मॅगी आमच्याकडून.

ता. क. मागच्या रविवारच्या चिठ्ठ्यांतली एक अजून पडून आहे : "ताई, एम-थ्री कसा क्लिअर करायचा?" त्याचं उत्तर चौघींपैकी कोणाकडेच नाही.