मेडिकलच्या काउंटरवर फार्मासिस्ट कुठंय?

पोस्ट मोठी आहे. पण घरात कुणाला मानसोपचाराच्या गोळ्या चालू असतील तर शेवटपर्यंत वाचा.

माझ्या मामेभावाला स्किझोफ्रेनिया आहे. ९ वर्षं क्लोझापाईन चालू आहे, त्या जोरावर तो शेती बघतो, डेअरीला दूध घालतो. गेल्या पावसाळ्यात ताप-खोकला झाला. खोकल्यामुळे त्याने बिडी बंद केली आणि वहिनी जवळच्या मेडिकलवर गेल्या. काउंटरवरच्या पोराने एवढंच विचारलं, "किती दिवसांच्या देऊ?" सिप्रोफ्लॉक्सासिनची पट्टी हातात पडली. तिसऱ्या दिवशी भाऊ हलवून उठेना. उभा केला की कोसळायचा. नगरला (आता अहिल्यानगर म्हणा) नेला म्हणून वाचला.

झालं काय, तर क्लोझापाईनचा निचरा करणारं यकृतातलं एन्झाइम सिप्रो अडवून धरतं. बिडीचा धूर तेच एन्झाइम वाढवतो, म्हणून बिडी एकदम सुटली की औषध रक्तात साचतं. (याचा अर्थ बिड्या ओढा असा नाही. डॉक्टरला सांगून सोडा. आणि तंबाखू मळणाऱ्यांनो, हा मामला धुराचा आहे.) शिवाय क्लोझापाईन क्वचित पांढऱ्या पेशी पाडतं, त्यामुळे अशा पेशंटला ताप आला तर आधी रक्त तपासायचं असतं. इथं तपासलंच नाही.

हे एकच औषध नाही. हॅलोपेरिडॉलबरोबर अझिथ्रोमायसिन किंवा उलटीची ओन्डान्सेट्रॉन घेतली तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. लिथियमवाल्याने अंगदुखीला आयबुप्रोफेन घेतली तर लिथियम विषारी पातळीला जाऊ शकतं. यातलं काय काय आपल्याकडे चिठ्ठीशिवाय मिळतं, तुम्हीच सांगा!

त्या पोराला काय बोलणार? भिंतीवर ज्याचं सर्टिफिकेट टांगलंय तो कुठंय, हा माझा सवाल आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याचं कलम ४२ म्हणतं, नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कुणी औषध द्यायचं नाही. २०१५ च्या नियमात तर एका औषधाचा दुसऱ्यावर काय परिणाम होतो हेही पेशंटला सांगायचं आहे. तपासणीला येणारे साहेब बिलबुकं चाळतात. पाच मिनिटं काउंटरसमोर उभं राहून बघा की!

आपणही धुतल्या तांदळाचे नाही. मी वहिनींना विचारलं, चालू गोळ्या का नाही सांगितल्या? म्हणाल्या, "भाऊजी, गावात कळलं असतं ना."

आता भावाच्या चिठ्ठीचा फोटो घरातल्या तिघांच्या मोबाईलमध्ये आहे. तुम्हीही ठेवा. ही पोस्ट वाचून चालू गोळी मात्र मनाने बंद करू नका, डॉक्टरला विचारा. अडचण असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे.

आणि तुमच्या गावातल्या मेडिकलवर उद्या विचारा, फार्मासिस्ट कोण? काय उत्तर मिळालं ते खाली लिहा. दुकानाचं नाव नको, फक्त तालुका लिहा. पुढचं मी बघतो.