ठिणगीचा बाऊ

उत्तर प्रदेश सरकारने १९५४ साली कालव्याच्या पाण्याचे दर वाढवले. ही वाढीव पाणीपट्टी शेतकऱ्यांनी भरू नये, असे डॉ. राममनोहर लोहिया यांनी फर्रुखाबाद येथील सभांतून सांगितले आणि जुलै महिन्यात त्यांना अटक झाली. अटकेला आधार कोणत्या कायद्याचा होता? ब्रिटिश सरकारने १९३२ साली, कायदेभंगाच्या चळवळीच्या ऐन भरात, संयुक्त प्रांतासाठी केलेल्या विशेष अधिकार कायद्याचा. सरकारची देणी भरू नका असे कोणालाही सांगणे, हाच त्या कायद्याच्या तिसऱ्या कलमाने गुन्हा ठरवला होता. इंग्रज गेले, राज्यघटना आली. आणि ज्या काँग्रेसच्या सत्याग्रहींना दडपण्यासाठी तो कायदा जन्माला आला, त्याच काँग्रेसचे सरकार तो लोहियांवर चालवू लागले.

अलाहाबाद उच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. सरकारला ते रुचले नाही व प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे सरकारच्या वतीने जो युक्तिवाद झाला तो प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावा असा आहे. एका माणसाला जरी कर न भरण्याची चिथावणी दिली तरी ती एक ठिणगी असते. कालांतराने तिचा वणवा होऊन क्रांतिकारक चळवळ पेटू शकते आणि सार्वजनिक सुव्यवस्था नष्ट होऊ शकते, असे सरकारचे म्हणणे होते. २१ जानेवारी १९६० रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने हा युक्तिवाद फेटाळला. उच्चारलेला शब्द आणि सुव्यवस्थेचा भंग यांच्यातील संबंध निकटचा असला पाहिजे, दूरान्वयाने जोडलेला वा कल्पनेने रचलेला असून चालणार नाही, असे न्या. सुब्बा राव यांनी निकालपत्रात सांगितले. ठिणगीचा तर्क मान्य केला तर भाषणस्वातंत्र्यावरचे कोणतेही बंधन समर्थनीय ठरवता येईल, हे त्या न्यायालयाने ओळखले होते.

सहा-सात दशकांपूर्वीचा हा इतिहास आज उगाळण्याचे कारण महाराष्ट्राच्या विधिमंडळाने पुरवले आहे. १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने व दुसऱ्या दिवशी विधान परिषदेने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. त्यातील 'बेकायदेशीर कृत्य' या संज्ञेची व्याख्या पाहा. सार्वजनिक सुव्यवस्थेत व कायद्याच्या अंमलबजावणीत अडथळा आणणारी कृती तर तीत आहेच, पण तसा अडथळा आणण्याकडे 'कल' असलेली कृतीही आहे. कृती म्हणजे हातापायांनी केलेली गोष्टच असे नव्हे. बोललेला वा लिहिलेला शब्द, खूण, चित्र हेही त्यात मोडते. रेल्वे, रस्ता, हवाई वा जलमार्गाने होणारे दळणवळण विस्कळीत करणे हे हिंसाचार व स्फोटकांच्या पंक्तीत बसवले आहे. आणि प्रस्थापित कायद्याची व त्याच्या संस्थांची अवज्ञा करण्यास उत्तेजन देणे अथवा तिचा प्रचार करणे, हाही तेथे स्वतंत्र प्रकार आहे. १९३२ च्या इंग्रजी कायद्याचा जो गाभा सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली काढून टाकला, तो १९३२ च्या कायद्याहूनही ऐसपैस शब्दांत महाराष्ट्राने पुन्हा लिहून काढला, असाच याचा अर्थ होतो. वाढीव वीजबिले भरू नका असे सांगणारी शेतकरी सभा या व्याख्येच्या बाहेर राहते काय?

सरकारचे उत्तर ठाऊक आहे. संयुक्त समितीने विधेयकाच्या उद्देशात बदल करून 'व्यक्ती व संघटना' यांच्या जागी 'कडव्या डाव्या विचारांच्या अथवा तत्सम संघटना' असे शब्द घातले. सबब सामान्य आंदोलकाने भिण्याचे कारण नाही, असे सांगण्यात येते. संघटना आधी अधिसूचनेने बेकायदेशीर ठरावी लागते, तिचा विचार सल्लागार मंडळाने करावा लागतो, मंडळावर उच्च न्यायालयाचे आजी वा माजी न्यायाधीश असतील, तपास उपअधीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी करील, हेही खरे आहे आणि मूळ मसुद्यापेक्षा ही सुधारणा आहे. पण उद्देशिका बदलली तरी व्याख्या तशीच राहिली. शिवाय 'तत्सम' या शब्दाची सीमा कोण आखणार? ज्याला अधिसूचना काढायची आहे तोच. ती काढताना जी वस्तुस्थिती उघड करणे सार्वजनिक हिताच्या विरुद्ध आहे असे सरकारला वाटेल, ती सांगण्याचे बंधनही त्याच्यावर नाही. एकदा संघटना त्या यादीत गेली की सभासदाला तीन वर्षांपर्यंत कैद, सभासद नसताना वर्गणी देणाऱ्याला वा आसरा देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत, आणि 'बेकायदेशीर कृत्य' करणाऱ्याला अथवा त्याची योजना आखणाऱ्याला सात वर्षांपर्यंत.

सशस्त्र मार्गाला या पक्षाने कधी थारा दिलेला नाही, हे येथे पुन्हा सांगण्याची गरज नसावी. गडचिरोलीत आदिवासी दोन बंदुकांच्या मध्ये भरडला गेला, त्यात एक बंदूक नक्षलवाद्यांची होती. परंतु बॉम्ब, खून, खंडणी यांसाठी कायदे कमी होते काय? १९६७ चा बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा २००४, २००८, २०१२ आणि २०१९ साली दुरुस्त्या करून इतका कडक करण्यात आला आहे की त्याखाली जामीन मिळणे हाच अपवाद झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या वरिष्ठ माओवादी नेत्याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली, त्याचा समारंभ मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत झाला. जंगलातला नक्षलवाद ओसरत असल्याचे सरकारच सांगते. मग नव्या कायद्याचा रोख कोठे आहे, हे 'शहरी नक्षल' या शब्दाच्या सरकारी वापरावरून उघड होते.

या शब्दाने काय घडते ते महाराष्ट्राने पाहिले आहे. भीमा-कोरेगाव प्रकरणात फादर स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर २०२० मध्ये रांचीहून आणून तळोजा कारागृहात ठेवण्यात आले. कंपवातामुळे त्यांना पेला धरता येत नव्हता. पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा म्हणून या वृद्धाला न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, कोठडीत असतानाच मुंबईच्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. जामिनाचा अर्ज प्रलंबित होता आणि खटला सुरूही झाला नव्हता. दोषी की निर्दोष हे ठरण्यापूर्वीच शिक्षा भोगून संपते, ती ही अशी.

या कायद्याच्या समर्थनासाठी डॉ. आंबेडकरांचा दाखला देणारेही भेटतात. घटना समितीतील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी घटनात्मक मार्ग खुले झाल्यावर कायदेभंग, असहकार व सत्याग्रह हे मार्ग सोडून द्यावेत, असे बजावले होते. हे खरे आहे, आणि समाजवाद्यांचा त्या मुद्द्यावर त्यांच्याशी मतभेद राहिला. पण एखादा मार्ग चुकीचा आहे असे सांगणे वेगळे आणि त्या मार्गाचा पुरस्कार करणाऱ्याला तुरुंगात धाडणे वेगळे. १९३८ साली मुंबई इलाख्यातील खेर मंत्रिमंडळाने औद्योगिक कलहांविषयीचे विधेयक आणून काही प्रकारचे संप हा गुन्हा ठरवला, तेव्हा त्याला विधिमंडळात सर्वांत कडवा विरोध केला तो बाबासाहेबांनी. संप हा फार तर कराराचा भंग होईल, तो गुन्हा कसा, असा त्यांचा प्रश्न होता. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव, अशी त्यांची भूमिका होती. ७ नोव्हेंबर १९३८ चा संप त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांच्या बरोबरीने घडवून आणला. दाखला द्यायचा तर तोही द्यावा.

इंग्लंडसारख्या जुन्या लोकशाहीतही हेच चालले आहे, असा एक युक्तिवाद आहे. चालले आहे खरे. लंडनभोवतीच्या मोटारमार्गावर वाहतूक अडवण्याचा बेत आखल्याबद्दल पाच पर्यावरणवादी कार्यकर्त्यांना जुलै २०२४ मध्ये तेथील न्यायालयाने चार ते पाच वर्षांच्या शिक्षा दिल्या. अपिलात त्या पुढच्या वर्षी कमी झाल्या. एका लोकशाहीने केलेली चूक दुसरीला परवाना कशी होते, ते मात्र समजत नाही.

आपल्या तालुक्यातील कार्यकर्त्याला मोठ्या कायद्यांपेक्षा लहान कलमांचा काच अधिक जाणवतो. मुख्यमंत्र्यांचा दौरा ठरला की आदल्या दिवशी पोलीस शिपाई नोटीस घेऊन दारात उभा. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४९ कलमाखाली येई, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १६८ व्या कलमाखाली येते. आकडा बदलला, शिपाई तोच. ऐन दिवशी सकाळपासून पोलीस ठाण्यात बसवून ठेवायचे आणि गाड्यांचा ताफा पुढे गेला की चहा पाजून सोडून द्यायचे, ही रीत सर्वांच्या परिचयाची आहे. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखालील मनाई आदेश पंधरा दिवसांहून अधिक काळ चालवायचा तर राज्य सरकारची मंजुरी लागते. म्हणून पंधरवड्यामागून पंधरवडा नवा आदेश काढण्याची युक्ती अनेक जिल्ह्यांत रूढ झाली आहे. तडीपारीचे हत्यार गुंडांसाठी म्हणून दिलेले. ती असाधारण उपाययोजना आहे व तिचा वापर क्वचितच व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाला जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात सांगावे लागले.

या लहान कलमांशी झुंज कशी द्यावी याचा वस्तुपाठ साथी मधु लिमये यांनी घालून दिला. ६ नोव्हेंबर १९६८ रोजी बिहारमधील लखीसराय स्थानकावर त्यांना सहकाऱ्यांसह पकडण्यात आले, ते अटकेची कारणे न सांगताच. लोकसभेचे सदस्य असलेल्या लिमयेंनी तुरुंगातून पत्राच्या रूपानेच सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज पाठवला. घटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने अटकेचे कारण सांगणे बंधनकारक केले आहे, एवढाच त्यांचा मुद्दा होता. न्यायालयाने तो मान्य करून त्यांना मुक्त केले. पुढे १४४ कलमालाच त्यांनी आव्हान दिले आणि १९७० साली सात न्यायाधीशांपुढे ते हरले. पण पहिल्या विजयाचे मोल त्याने उणावले नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये आर्थिक गैरव्यवहाराच्या प्रकरणात आणि मे २०२४ मध्ये पत्रकार प्रबीर पुरकायस्थ यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अटकेची कारणे लेखी दिली पाहिजेत असे ठरवले, ते याच वाटेवरचे पुढचे पाऊल होय. आणीबाणीत 'मिसा'खाली तुरुंग भोगलेले पुरकायस्थ पन्नास वर्षांनी पुन्हा अशाच कायद्याखाली आत जातात, यात या देशाचा मोठा इतिहास सामावला आहे.

विरोधी बाकांवर असताना हे सर्व सांगणे सोपे असते. कसोटी लागते ती आपले सरकार असताना. लोहिया १९५४ साली त्याच पाणीपट्टीच्या प्रकरणात तुरुंगात होते, तेव्हा त्रावणकोर-कोचीनमध्ये प्रजासमाजवादी पक्षाचे पट्टम थाणू पिल्लै यांचे मंत्रिमंडळ होते. ऑगस्ट महिन्यात तेथील पोलिसांनी तमिळभाषक निदर्शकांवर गोळीबार केला व त्यात माणसे मेली. पक्षाचे सरचिटणीस लोहिया यांनी नैनीच्या तुरुंगातून तार करून आपल्याच मुख्यमंत्र्यांचा राजीनामा मागितला. मंत्रिमंडळाने तो दिला नाही. त्या वादातून पक्षच फुटला. १९७७ च्या जनता सरकारने 'मिसा' रद्द केला, ४४ वी घटनादुरुस्ती केली, हे त्याचे ऋण मान्यच केले पाहिजे. पण प्रतिबंधक स्थानबद्धता फौजदारी संहितेतच घुसवण्याचे विधेयक त्याच सरकारने आणले होते, ते विरोध झाल्यावर मागे घ्यावे लागले. आणि स्थानबद्धांना अधिक संरक्षण देणारा ४४ व्या दुरुस्तीतील भाग अमलात आणण्याची अधिसूचना त्या सरकारने काढली नाही आणि नंतरच्याही कोणी काढली नाही. २०१९ साली केरळच्या डाव्या सरकारच्या पोलिसांनी कोळिकोड येथे दोन तरुण विद्यार्थ्यांना बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली पकडले, तेव्हा ते दोघे सत्तारूढ मार्क्सवादी पक्षाचेच सभासद होते. जनसुरक्षा विधेयकावर विधानसभेत विरोध नोंदवणारे एकमेव आमदार निघाले ते डहाणूचे मार्क्सवादी विनोद निकोले, ही त्या पक्षाची शोभा. पण केरळमधील हा प्रसंग त्यामुळे पुसला जात नाही.

इतर विरोधी पक्षांचे मौन मात्र अनाकलनीय आहे. विधेयकावर जनतेकडून बारा हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या. संयुक्त समितीत विरोधकांचे अनुभवी नेते बसले होते, तरी एकाही सदस्याची भिन्नमतपत्रिका अहवालाला जोडली गेली नाही. विधानसभेत आवाजी मतदानाने काम उरकल्यावर बाहेर सरकारच्या हुकूमशाहीवर भाषणे करण्यात अर्थ नाही.

आपल्याकडून एवढे तातडीने व्हावे. गेल्या दोन वर्षांत ज्या साथींना नोटिसा आल्या, ठाण्यात बसवून ठेवण्यात आले अथवा मनाई आदेशाचा भंग केला म्हणून गुन्हे नोंदवले गेले, त्यांनी त्या कागदांच्या प्रती जिल्हा कार्यालयाकडे पाठवाव्यात. कलम कोणते, निमित्त कोणते, किती तास अडकवले आणि कारणे लेखी दिली की नाही, एवढा तपशील सोबत लिहावा. यापुढे कोणालाही ताब्यात घेतले तर कारणे लेखी मागावीत, आणि ती नाकारली गेल्यास तशी नोंद ठाण्याच्या डायरीत करण्याचा आग्रह धरावा.