गोळ्या संपतात, त्रास परत येतो

‘डॉक्टर आपा, हे पत्र मी घरातले सगळे झोपल्यावर लिहीत आहे,’ अशी एका भगिनीच्या पत्राची सुरुवात आहे. लग्नाला सहा वर्षे झाली, एक मूल आहे. गेल्या वर्षभरात तीनदा अंगावरून राखाडी-पांढरे, पातळ पाणी जाऊ लागले आणि मासळीसारखा वास येऊ लागला. तिन्ही वेळा डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या दिल्या, आठवड्यात बरे वाटले आणि दोन-तीन महिन्यांत पुन्हा तेच. सासूबाई म्हणतात, ‘नीट धुवत नाहीस.’ म्हणून ती आता रोज पाण्यात जंतुनाशक घालून आतपर्यंत धुते. नमाजला उभी राहताना कपड्यांची शंका येते, नवऱ्याजवळ जाताना वासाचा संकोच वाटतो. शेवटची ओळ अशी आहे : ‘माझ्यातच काही खोट आहे का?’

पत्रावर पत्ता नाही, म्हणून उत्तर इथेच देते. कपड्यांचा आणि वुजूचा मसला आलिमांना विचारावा, तो माझा प्रांत नाही. पण माझ्या प्रांतातली पहिली गोष्ट अशी की ते आतून धुणे आजपासून बंद करा.

लक्षणांवरून हा त्रास बॅक्टेरियल व्हजायनोसिसचा दिसतो. डॉक्टर चिठ्ठीवर नुसते ‘बीव्ही’ लिहितात. निरोगी योनीमार्गात बहुधा लॅक्टोबॅसिलस नावाच्या जंतूंची वस्ती असते. दही लावणाऱ्या जंतूंचेच हे भाऊबंद. ते लॅक्टिक आम्ल तयार करून आतली जागा आंबट ठेवतात, त्यामुळे इतर जंतूंना तिथे पाय रोवणे अवघड जाते. बीव्हीमध्ये ही वस्ती उठते आणि गार्डनेरेला, प्रिव्होटेला अशा जंतूंची गर्दी होते. बाहेरून एखादा चोर शिरावा तसे हे नाही, सगळा मोहल्लाच पालटतो. जंतुनाशकाने आतून धुतले की उरलेसुरले लॅक्टोबॅसिलसही जातात आणि त्यांचे आम्लही. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुतला की आरोग्याच्या दृष्टीने पुरेसे आहे. आतली साफसफाई शरीर स्वतः करते. सासूबाईंनाही हे सांगायला हरकत नाही.

हा आजार १९५५ मध्ये गार्डनर आणि ड्यूक्स या अमेरिकी डॉक्टरांनी वर्णन केला. पुढे त्याचे नाव ठरवताना ‘व्हजायनायटिस’ न म्हणता ‘व्हजायनोसिस’ म्हटले गेले, कारण ‘आयटिस’ म्हणजे दाह, आणि इथे लाली, सूज, पू असे काही दिसत नव्हते. खाज किंवा आगही बहुतेक वेळा नसते. पण डोळ्यांना दिसले नाही म्हणून दाह नाही, असे मात्र निघाले नाही. योनीतल्या स्रावातली रसायने मोजता येऊ लागली तेव्हा बीव्ही असलेल्या स्त्रियांमध्ये इंटरल्यूकिन-१ सारखी रसायने वाढलेली आढळली. शरीराच्या पहारेकरी पेशींना ‘इकडे या, गडबड आहे’ असा निरोप देणारी ही रसायने. शिवाय हे जंतू अस्तरावरचा चिकट थर पचवून टाकतात, पेशींमधली वीण ढिली पडते. आग दिसत नाही, पण धग आतून चालू असते.

याचा मोठा धोका आफ्रिकेतल्या अभ्यासांतून पुढे आला. पहारेकरी पेशींमध्ये सीडी४ नावाच्या पेशी असतात आणि एचआयव्हीचा विषाणू नेमका त्यांच्यातच शिरतो. दक्षिण आफ्रिकेत डर्बनजवळच्या तरुण स्त्रियांचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटसची वस्ती असलेल्या स्त्रियांच्या तुलनेत, संमिश्र जंतूंची गर्दी असलेल्यांना एचआयव्हीची लागण होण्याचे प्रमाण चौपटीहून अधिक होते. त्या भागात एचआयव्ही फार पसरलेला आहे, म्हणून हा आकडा आपल्या घराला जसाच्या तसा लावून घाबरून जाऊ नका. बीव्ही म्हणजे एचआयव्ही नव्हे. मात्र ‘नुसता वास आहे, जाईल’ म्हणून वर्षानुवर्षे अंगावर काढण्यासारखाही हा त्रास नाही. गरोदरपणात त्याचा संबंध दिवसांआधी होणाऱ्या बाळंतपणाशी आढळला आहे.

आता गोळ्यांबद्दल. मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या दिवसातून दोनदा, सात दिवस, हा नेहमीचा उपचार आहे. आत लावायचे जेल किंवा क्लिंडामायसिनचे मलमही चालते. औषध काम करते, यात शंका नाही. वास जातो, आणि अभ्यासांत असेही दिसले की उपचारानंतर इंटरल्यूकिन-१ ची पातळी उतरते, म्हणजे आतली धगही निवते. अडचण त्यानंतरची आहे. अँटिबायोटिक नको असलेल्यांना हुसकावते, पण मूळच्या रहिवाशांना परत आणून बसवणे त्याच्या हातात नाही. पुष्कळ स्त्रियांमध्ये रिकाम्या झालेल्या जागी लॅक्टोबॅसिलस इनर्स येतो. घराणे तेच, पण पहारेकरी कच्चा. तो लवकर हार मानतो. गार्डनेरेलाचे काही जंतूही अस्तराला चिकटलेल्या थरात लपून औषधातून वाचतात. त्यामुळे उपचारानंतर वर्षभरात निम्म्याहून अधिक स्त्रियांना त्रास परत झाल्याचे ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात दिसले. पत्र लिहिणाऱ्या भगिनी, तुमची तीन वेळ ही तुमच्यातली खोट नव्हे, या आजाराची चालच अशी आहे.

मग चांगले जंतूच औषध म्हणून दिले तर? अमेरिकेत २२८ स्त्रियांवर हा प्रयोग झाला आणि २०२० मध्ये त्याचा निकाल आला. मेट्रोनिडाझोल झाल्यावर काहींच्या योनीत लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटसची भुकटी ठेवली, काहींना दिसायला तशीच पण जंतू नसलेली भुकटी दिली. १२ आठवड्यांत पहिल्या गटात १०० पैकी ३० जणींना त्रास परतला, दुसऱ्या गटात ४५ जणींना. नंतर नमुने तपासले तेव्हा जंतू मिळालेल्या स्त्रियांमध्ये दाहाचे एक रसायन आणि अस्तराच्या झिजेची खूण, दोन्ही कमी होते. ही भुकटी आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळत नाही. ‘प्रोबायोटिक’ म्हणून मिळणाऱ्या कॅप्सूल म्हणजे ती नव्हे. आणि दही खावे, खुशाल खावे, पण आत लावू नये. त्यातले जंतू वेगळे असतात.

सर्वांत नवी बातमी नवऱ्यांसाठी आहे. पूर्वी पुरुषांना नुसत्या गोळ्या देऊन पाहिल्या, उपयोग झाला नाही, म्हणून ‘नवऱ्याला औषध नको’ असे पुस्तकांत लिहिले गेले. तुमच्या डॉक्टरांनी त्याप्रमाणेच केले, त्यांची चूक नाही. पण मार्च २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातून १६४ जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बायकोच्या उपचाराबरोबर नवऱ्यालाही सात दिवस गोळ्या, आणि शिवाय लिंगाच्या त्वचेवर क्लिंडामायसिनचे मलम. १२ आठवड्यांत त्रास परतण्याचे प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आले. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवला.

इथे आपल्या घरांपुरती एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. त्या अभ्यासातल्या बहुतेक पुरुषांची खतना झालेली नव्हती, आणि हे जंतू पुढच्या कातडीखाली जास्त राहतात. युगांडातल्या राकाई इथे खतना झालेल्या पुरुषांच्या बायकांमध्ये बीव्ही कमी आढळला होता. म्हणून आपल्याकडे इतका फायदा होईलच असे मी सांगणार नाही. पण खतना झालेल्यांच्या त्वचेवर आणि मूत्रमार्गातही हे जंतू सापडतात, त्यामुळे वारंवार त्रास होत असेल तर डॉक्टरांशी नवऱ्याच्या उपचाराचे बोलणे जरूर काढा. नवऱ्याला औषध दिले म्हणजे कोणाच्या चालचलणुकीवर बोट ठेवले, असे दोघांपैकी कोणीही समजू नये.

चौथ्यांदा दुकानातून त्याच गोळ्या आणण्याऐवजी आधी तपासणी करून घ्या. स्रावाची आम्लता कागदाने पाहतात, थेंबभर स्राव सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात, काही मिनिटांचे काम. बुरशीचा त्रास किंवा ट्रायकोमोनास असेल तर औषध वेगळे. सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये ही सोय मोफत असते. गोळ्या मध्येच सोडू नका. तोंडाला धातूसारखी चव येते, मळमळते, म्हणून जेवणावर घ्या. रमजानात दोन वेळा सहरी आणि इफ्तारनंतर आपोआप जमतात. उपचार चालू असताना संबंध टाळलेले बरे. निरोध वापरत असाल तर क्लिंडामायसिनच्या मलमाने त्याचे रबर कमजोर होते, हेही ध्यानात असू द्या. दिवस गेलेले असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. ताप, ओटीपोटात दुखणे किंवा रक्त जाणे असेल तर थांबू नका.

हे पान नवऱ्यालाही वाचायला द्या. पुढच्या पत्रात तपासणीत काय निघाले ते कळवा, नाव-पत्ता नसला तरी चालेल.