श्वासाला वेठीस धरू नका

आज २१ डिसेंबर, जागतिक ध्यान दिवस. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२४मध्ये तसा ठराव केला, तेव्हा तो मांडणाऱ्या देशांत भारताच्या जोडीला श्रीलंका, नेपाळ, मेक्सिको, लिक्टेनस्टाइन आणि अँडोरा होते. आज ठिकठिकाणी सतरंज्या पसरल्या जातील, माणसे डोळे मिटून बसतील, छायाचित्रे निघतील. त्यात वावगे काही नाही. पण आयुष्यात कधी पाच मिनिटे स्वस्थ न बसलेल्या माणसाला आज नेमके काय शिकवले जाणार, याची आम्हाला काळजी वाटते. श्वास जोरात सोडा, कोंडून धरा, अजून थोडा वेळ धरा, अशा आज्ञांनीच बहुधा त्याची सुरुवात होते. मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितींनी ही घाई आणखी वाढवली आहे. आमचे म्हणणे असे, की नवशिक्याने पहिले काही आठवडे श्वासाला हात लावू नये. तो येतो-जातो तसा फक्त पाहावा.

हे काही आम्ही आज शोधून काढलेले नाही. इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात पहिले तीन दिवस याच कामाला दिलेले असतात. सत्यनारायण गोएंका यांनी घालून दिलेल्या त्या पद्धतीत श्वास लांबवायचा नाही, मोजायचा नाही, त्याला मंत्र जोडायचा नाही. नाकपुड्यांशी तो जाणवतो तेवढ्यावर लक्ष ठेवायचे. दिवसाकाठी सुमारे दहा तास बसणाऱ्यांनाही जिथे इतक्या साध्या कामापासून आरंभ करावा लागतो, तिथे नोकरी आणि घर सांभाळून दहा मिनिटे काढणाऱ्याने थेट भस्त्रिकेच्या जोरकस श्वासांवर उडी का घ्यावी? पुण्यात योगाचार्य बी. के. एस. अय्यंगारही नवशिक्याला प्राणायामासाठी आधी आडवे पडायला सांगत, कारण पाठ ताठ ठेवण्याच्या धडपडीतच त्याचा श्वास आखडतो.

या विषयाला शरीरशास्त्राचीही बाजू आहे आणि ती महाराष्ट्रातच पहिल्यांदा गंभीरपणे तपासली गेली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले, त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केले आणि योगक्रियांना क्ष-किरणांपुढे व दाबमापकापुढे उभे केले. श्रद्धेच्या गोष्टीला मोजपट्टी लावण्याचे ते धैर्य आज शंभर वर्षांनंतर आपल्यात कमी झालेले दिसते. 'खोल श्वास घ्या, भरपूर प्राणवायू मिळेल' हे वाक्य अजून सर्रास ऐकू येते. वास्तविक निरोगी माणसाच्या धमन्यांतले रक्त स्वस्थ बसलेले असतानाही प्राणवायूने जवळजवळ पूर्ण भरलेले असते. भराभर श्वास घेतल्याने बाहेर फेकला जातो तो कार्बन डायऑक्साइड. त्याचे प्रमाण घसरले की मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोके हलके होते, बोटांना मुंग्या येतात. नवशिक्याला वाटते, काही तरी अनुभूती आली!

संथ श्वासाची गोष्ट वेगळी. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात. म्हणून उच्छ्वास सावकाश झाला की शरीराला विसावा मिळतो. मिनिटाला १२ ते २० श्वास हे प्रौढ माणसाचे विश्रांतीतले सर्वसाधारण प्रमाण. २००१च्या डिसेंबरात 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये इटलीतील लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता. जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना म्हणताना आणि 'ओम मणि पद्मे हुम्' हा मंत्र म्हणताना, दोन्ही वेळा माणसांचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो, असे त्यांना आढळले. संध्याकाळी देवापुढे संथपणे स्तोत्र म्हणणाऱ्या आपल्या आज्यांचे श्वास कुणी मोजले नाहीत, पण त्यांना तंत्र शिकवावे लागले नव्हते हे नक्की.

नवशिका हमखास अडतो तो मनापाशी. बसल्याबरोबर गॅसचा नंबर लावायचा राहिला, साहेब काल तसे का बोलले, मुलाची फी, हे सगळे डोक्यात दाटून येते. मग 'माझे ध्यान लागत नाही' म्हणून तो आठवड्याभरात उठतो. त्याला कुणीतरी वेळीच सांगायला हवे, की मन गेल्याचे लक्षात आले त्या क्षणी अभ्यास झालेला असतो. चिडायचे नाही, पुन्हा श्वासाकडे यायचे. दहा मिनिटांत पन्नास वेळा यावे लागले तर पन्नास वेळा यायचे.

काहींना मात्र डोळे मिटून बसल्यावर जुने दुःख अंगावर येते, छाती धडधडते. त्यांनी डोळे उघडावेत, उठून चार पावले चालावे आणि जाणत्या माणसाशी बोलावे. उच्च रक्तदाब, हृदयविकार, अपस्मार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी कपालभाती, भस्त्रिका किंवा श्वास कोंडण्याच्या कुंभकाच्या वाटेला वैद्यकीय सल्ल्याशिवाय जाऊ नये. चालू असलेली औषधे तर ध्यानाच्या भरवशावर कुणीच बंद करू नयेत.

राहिला जागेचा प्रश्न, आणि तो खरा आहे. एका खोलीत पाच माणसे राहतात, तिथे घरातल्या बाईला निवांत कोपरा कुठून मिळणार? सगळ्यांचे डबे भरून ती बसेल म्हणावे, तर तेवढ्यात पाणी येते. ध्यानाचे गोडवे गाणाऱ्यांनी आधी तिचा विचार करावा. नगरपालिका, ग्रंथालये आणि शाळा यांना आमची विनंती आहे: आजच्या सोहळ्यावरचा थोडा खर्च वाचवा आणि वस्तीजवळची एक खोली रोज अर्धा तास सर्वांसाठी उघडी ठेवा. तिथे ना व्यासपीठ हवे, ना ध्वनिक्षेपक. झाडलेली फरशी, एक सतरंजी आणि वेळेवर कुलूप उघडणारा माणूस एवढे पुरे.